सावदा, दावाओ

आडनाव झोपे आणि पाळी रात्रीची.
यावर ऑफिसात सगळे एकदाच हसले, पहिल्या दिवशी.
नंतर कुणाला वेळ नव्हता.

भुसावळला, जामनेर रोडवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर
आम्ही अठ्ठावीस जण
कॅलगरीतल्या दातांच्या दवाखान्यांची बिलं सांभाळतो.
कुणाची दाढ कधी काढली, कुणाचे पैसे विम्यात अडकले,
तिकडच्या म्हाताऱ्यांची तोंडं मला
सासऱ्यांच्या तोंडापेक्षा जास्त ठाऊक.

काम वाढलं तेव्हा तिकडून तक्ता आला.
आणखी दोनशे माणसं बसवायची होती, देश कुठलाही.
क्राकूव्ह, दा नांग, दावाओ
आणि शेवटच्या रकान्यात भुसावळ,
स्पेलिंगमध्ये एक ए जास्त.
तो मी आधी काढला.

नेहेतेसर म्हणाले, हर्षाली, आपला रकाना तूच भर.
खरं लिही, पण जपून.

वीज.
लिहिलं, दीपनगरच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात.
मग खोडलं. चिमण्या दिसल्या म्हणून
खालचा दिवा लागतोच असं नाही.
लिहिलं, जनरेटर दोन.

तापमान.
त्यांनी वर्षाची सरासरी मागितली होती.
सरासरी फार दयाळू बाई आहे,
अख्खा मे महिना पदराखाली घेते.

दळणवळण.
इथं मी पानभर लिहिलं असतं,
कुठल्या गाड्या कुठल्या फलाटावर किती मिनिटं थांबतात.
प्रश्न एवढाच होता, विमानतळ किती तास.

उच्चार.
आमच्याकडे ळ चा य होतो, केळीची केयी.
इंग्रजीत ळ नाहीच.
पूर्ण गुण घेतले.

डिसेंबरात कॅथलीन बघायला आली.
बामणोदची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली,
कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात.
मिरचीनं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं
तरी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
जाताना टायरवाल्याच्या हवेच्या मशीनचा आवाज
फोनवर मोजून घेतला.
म्हणाली, मला इथं आवडलं.
तक्त्यात आवडण्याचा रकाना नव्हता.
मी बघितलं होतं.

तीन दशांशानं दावाओ.
तुमचं काम तूर्त तुमच्याकडेच, असं पत्रात होतं.
नेहेतेसरांनी तूर्त हा शब्द
दोनदा वाचला, मोठ्यानं नाही.
खाली एक ओळ:
नव्या लोकांना तीन महिने शिकवावं,
शक्यतो झोपे यांनी.

तर आता रात्री दहाला मी,
तिच्याकडे साडेबारा वाजून गेलेले, लिझेल.
चटकन शिकते. मला थोडं वाईट वाटतं,
थोडी चुकली असती तर बरं.
काल कोड शिकवता शिकवता तिच्या मागं काही सळसळलं.
म्हणाली, ऑफिसमागं केळीची बाग आहे,
वडील तिथं घड धुतात, खोक्यात भरतात, जपानला जातात.
मी म्हटलं, माझे सावद्याला वॅगन भरायचे.
खांद्याखाली चिकाचे डाग,
आईनं कधी घासलेच नाहीत, जायचे नाहीत म्हणून.
लिझेल म्हणाली, डॅडचेसुद्धा जात नाहीत.

मग तिनं विचारलं, घड उतरवल्यावर तुम्ही झाडाचं काय करता?
आडवं करतो, म्हटलं. शेजारचं पील वाढवतो.
पिलाला इंग्रजीत काय म्हणतात, आठवेना.
हातानं दाखवलं, खोडाच्या बुडाशी, एवढंसं.
ती म्हणाली, साहा.
मी विचारलं, कसले सहा?
बराच वेळ हसलो दोघी.
बिलाच्या कोडांशेजारी शब्द लिहून ठेवला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा हळूहळू थांबला.
राऊटर तेवढा बॅटरीवर.
खाली कुणी तरी जनरेटरची दोरी ओढत होतं,
लागत नव्हता.
अंधारात तिकडून आवाज आला,
हॅलो? झोपे?
झोपे, आहेस ना?